खाडीलगतच्या पाणथळ जागेशेजारी गृहसंकुल : हरकत कोणत्या मुद्द्यावर घ्यावी?

खाडीकाठ :
नवी मुंबईत आमच्या वसाहतीमागे खारफुटीला लागून एक उथळ पाणथळ जागा आहे आणि तिच्या काठावरच्या भूखंडावर गृहसंकुल प्रस्तावित आहे. पर्यावरण मंजुरीच्या अर्जात एकूण बांधकाम १,४२,००० चौरस मीटर दाखवले आहे. सोबतच्या सर्वेक्षणात या जागेचा उल्लेख ‘जुने मिठागर, सध्या पडीक’ असा असून पक्ष्यांच्या यादीत कावळा, साळुंकी, पारवा आणि गायबगळा एवढेच आढळतात. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत येथे उतरणाऱ्या अग्निपंखांचा (फ्लेमिंगोंचा) त्यात मागमूसही नाही. जनसुनावणीची विचारणा केली असता ‘या प्रकल्पाला ती लागत नाही’ असे उत्तर मिळाले. हे खरे आहे का, आणि हरकत कशी घ्यावी?

नियमावली :
उत्तर दुर्दैवाने बरोबर आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेने इमारती व टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. त्यातही २०,००० ते १,५०,००० चौरस मीटर बांधकामाच्या प्रकल्पाला सविस्तर आघात मूल्यांकन अहवाल सक्तीचा नसतो. विहित नमुन्यांतील माहिती आणि संकल्पनात्मक आराखडा यांवरच राज्यस्तरीय तज्ज्ञ समिती छाननी करते. तुमचा आकडा या उंबरठ्याच्या जेमतेम अलीकडे थांबलेला आहे, म्हणून लगतच्या भूखंडावर याच विकासकाचा ‘दुसरा टप्पा’ वेगळ्या अर्जाने येत आहे का, हे आधी तपासावे. तसे असल्यास दोन्ही टप्प्यांचा एकत्रित विचार व्हावा, ही तुमची पहिली हरकत ठरते. सुनावणी नसली तरी लेखी निवेदन देण्यास कोणी अडवू शकत नाही. ते तज्ज्ञ समिती आणि राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण या दोघांकडे, प्रकल्प छाननीला येण्यापूर्वी पोहोचायला हवे. मंजुरी दिली गेलीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे आणि सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंतच ती वाढते.

उधाण :
पक्ष्यांची यादी वाचण्याआधी पाहणीची तारीख आणि वेळ वाचावी. ठाणे खाडीतील चिखलपट्टे हे अग्निपंखांचे ताट आहे. भरतीने ते बुडाले की थवे काठावरच्या उथळ पाणथळींत येऊन उभे राहतात आणि ओहोटी लागली की परत खाडीत जातात. त्यामुळे ओहोटीच्या वेळी, किंवा थवे निघून गेल्यावर पावसाळ्यात केलेल्या पाहणीत जागा रिकामी दिसणारच, आणि ती नोंद खोटी नसली तरी निरुपयोगी असते. सर्वेक्षणाच्या दिवसांची भरतीची वेळापत्रके काढून निवेदनाला जोडा, आणि उधाणाच्या भरतीत, जानेवारी ते एप्रिलमध्ये, पुन्हा पाहणी करण्याची मागणी करा. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, परंतु भरतीत पक्ष्यांना टेकायला जागाच उरली नाही, तर त्या दर्जाचा त्यांना काय उपयोग?
आणखी एक गोष्ट. खाडीचे पाणी आत येण्याची वाट, म्हणजे मोरी किंवा बांधातील उघाडी, बुजवलेली आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. पाणी तोडायचे, दोन उन्हाळ्यांत जागा वाळू द्यायची आणि मग ‘पडीक’ लिहायचे, ही पद्धत या किनाऱ्यावर नवीन नाही.

सातबारा :
‘जुने मिठागर’ हे शब्द अर्जात सहज आलेले नाहीत. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांतील व्याख्येतून मीठ उत्पादन, मत्स्यशेती व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचना वगळल्या आहेत, आणि विकासकाला नेमकी तीच पळवाट हवी असते. मीठ पिकवणे केव्हा थांबले, बांध केव्हा फुटला आणि आत तिवरे (खारफुटीची झाडे) केव्हा वाढली, हे जुनी उपग्रह छायाचित्रे व महसुली नोंदी समोरासमोर ठेवून दाखवता येते. शिवाय केवळ पाणथळीच्या नियमांवर विसंबू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाप्रमाणे खारफुटीभोवतीचा ५० मीटरचा पट्टा जमिनीची मालकी कोणाचीही असली तरी संरक्षित आहे. आराखड्यात तो आखलेला आहे का, हे टेप लावून मोजण्याइतके सोपे आहे. नेरूळच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स व निवासी संकुलाचा प्रस्ताव त्याच वर्षी उच्च न्यायालयाने रोखला, ते निकालपत्रही मिळवून वाचा.

भाडेकरू :
पक्षी महत्त्वाचे आहेत, पण घरांच्या किमती पाहता प्रत्येक संकुलाला विरोध करणे मला पटत नाही.

नियमावली :
पक्षी क्षणभर बाजूला ठेवू. नवी मुंबईचा बराच भाग भराव घालून तयार झाला असून उधाणाच्या भरतीत पावसाचे पाणी खाडीत उतरत नाही, ते थोपवून धरण्यासाठीच येथे धारण तलाव बांधावे लागले. नव्या भूखंडाची पातळी भरावाने उंचावली की आजवर पाणथळीत मुरणारे पाणी शेजारच्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यांकडे वळते. म्हणून खाडीकाठ यांनी भरावाची प्रस्तावित उंची आणि पर्जन्यजल निचऱ्याचा हिशेब भरतीच्या वेळचा आहे की ओहोटीच्या, हेही निवेदनात विचारावे. अर्जाची कागदपत्रे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतात.

खाडीकाठ :
आभारी आहे. सर्वेक्षणाच्या पानावर केवळ ‘सप्टेंबर’ एवढेच छापलेले आहे, दिवस आणि वेळ नाही. मोरीवर मातीचा ढीग टाकलेला आहे. त्याची छायाचित्रे तारखेसह घेऊन निवेदन या आठवड्यात दोन्ही कार्यालयांकडे पाठवत आहे.