घरातच मिटवू नका

ताई, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल ‘पोलिसांत गेलं की पोरीलाच ठाण्याचे खेटे, त्यापेक्षा घरातच मिटवा’ असं तुम्ही म्हणता. भीती समजते. पण अशा अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा (मुलगा असो वा मुलगी) जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीचं वाटेल तिथे घ्यायचा असतो. अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो महिला असावी, आईवडील किंवा विश्वासातलं माणूस जवळ असावं. रात्री मुलाला ठाण्यात ठेवताच येत नाही. आणि मिटवणं? माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, प्रसंगी दोन्ही. आपल्या इंदूरच्या रामबागेत गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका घरोघर जाते, तिच्यावर १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर ठळक छापूया. पोरांना तो तोंडपाठ हवा. पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा मात्र कळवळ्यापोटीही व्हॉट्सॲपवर टाकू नका.