शेजारच्या ॲसिटेटला धक्का न लावता टीबीएस कसा काढावा?

प्रश्न:
माझ्या रेणूत टोकाच्या प्राथमिक हायड्रॉक्सिलवर टीबीएस (सिलिकॉनचा संरक्षक गट) आहे, लगतच्या दुय्यम हायड्रॉक्सिलवर ॲसिटेट एस्टर, आणि पुढे एक ॲसिटोनाइड (दोन हायड्रॉक्सिल एकत्र झाकणारा, आम्लाने तुटणारा गट). फक्त टीबीएस काढायचाय. टीएचएफ या द्रावकात टीबीएएफ (फ्लोराइड देणारा क्षार) घातलं की टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) दोन ठिपके येतात, आणि वस्तुमान दोघांचं सारखंच. ॲसिटोनाइडमुळे आम्ल वापरायला मन धजत नाही. संश्लेषण बरंच पुढे आलंय, माल थोडाच उरलाय.

उत्तर १:
वस्तुमान सारखं आहे, म्हणजे बहुधा ॲसिटेटमधला ॲसिटिल गट शेजारच्या मोकळ्या झालेल्या ऑक्सिजनवर सरकतोय. एनएमआरमध्ये (रेणूतले प्रोटॉन दाखवणाऱ्या वर्णपटात) लगेच कळेल. ॲसिटेट जागेवर असेल तर त्या सीएचचा सिग्नल ५ पीपीएमच्या आसपास असतो. सरकला की तो ४ च्या आसपास येतो आणि टोकाचे सीएच२ प्रोटॉन ४.१-४.२ कडे जातात.

कोरी आणि वेंकटेश्वरलू यांनी १९७२ मध्ये टीबीएस मांडला तेव्हाही तो काढायला टीबीएएफच होतं, म्हणून सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो. पण फ्लोराइडने सिलिकॉन ओढून घेतला की मागे अल्कॉक्साइड उरतो आणि तो शेजारच्या एस्टरवर तुटून पडतो. त्याला जन्मताच प्रोटॉन मिळाला पाहिजे. टीबीएएफमध्ये आधीच थोडं जास्त मोल ॲसिटिक आम्ल मिसळा आणि ० अंशाला सुरुवात करा. वेग बराच मंदावेल. मंदावू द्या, तापवू नका.

उत्तर २:
माल इतका मोलाचा असेल तर मी एचएफ-पिरिडीनच (हायड्रोजन फ्लोराइड आणि पिरिडीनचं मिश्रण) घेईन, तेही टीएचएफमध्ये वरून भरपूर पिरिडीन घालून. मग ॲसिटोनाइडही सहसा टिकतो. भांडं प्लास्टिकचं हवं, काच खाल्ली जाते. आणि एचएफ त्वचेवर पडल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय बाटली उघडायचीच नाही, यात तडजोड नको. शेवटी थंड सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात हळूहळू ओता, फेस येतो. पाणी टाळायचं असेल तर मेथॉक्सिट्रायमिथिलसिलेन घाला. उरलेल्या एचएफचं बाष्पनशील फ्लोरोट्रायमिथिलसिलेन होऊन उडून जातं.

प्रश्नकर्ता:
ॲसिटिक आम्लाची युक्ती लागू पडली, कच्च्या एनएमआरमध्ये एकच पदार्थ आहे. आता शुद्धीकरणाच्या सिलिका कॉलमची धास्ती आहे.

उत्तर १:
धास्ती रास्त आहे, सिलिकावरही ॲसिटिल सरकू शकतो. कॉलम आखूड ठेवा, माल त्यावर रात्रभर सोडू नका. आणि एनएमआरसाठीचं ड्युटेरोक्लोरोफॉर्म जुनं असेल तर आधी पोटॅशियम कार्बोनेटवरून गाळून घ्या, त्यात आम्लाचा अंश असतो. तुमचा ॲसिटोनाइड त्यालाही भितो.