मनाच्या आजारावरच्या गोळ्या कमी करताना आलेले अनुभव

रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय असूनही गोळ्या कमी कशा कराव्यात याविषयी आपल्या किनारपट्टीवर क्वचितच बोलले जाते, म्हणून ज्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या कमी केल्या किंवा विचारपूर्वक चालू ठेवल्या, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

चिपळूण : मी नैराश्यावरचे पॅरॉक्सेटीन घेत होते. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचे कपाट औषधांसकट पाण्याखाली गेले आणि बाजारपेठेतली दुकानेही चिखलाने भरल्यामुळे गोळी एकाएकी बंद पडली. दोन-तीन दिवसांतच मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होऊ लागले, चक्कर येई आणि उगाचच रडू कोसळे. पुराच्या धक्क्याने जुने नैराश्य उलटले, अशी घरच्यांची समजूत झाली. डॉक्टरांनी मात्र फोनवर आधी हे विचारले, की त्रास गोळी बंद पडल्यावर किती दिवसांनी सुरू झाला आणि पूर्वीच्या आजारात असे झटके येत होते का. ते कधीच येत नव्हते. हे औषध शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून बंद पडल्याचा त्रास लगेच जाणवतो. आजार उलटायला सहसा आठवडे किंवा महिने जातात, असे त्यांनी समजावले. गोळी पुन्हा मिळाल्यावर झटके थांबले.

गुहागर : नैराश्यावरचेच एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅमवरून ५ वर सहज आले, खरी परीक्षा त्यानंतरची होती. मात्रा निम्मी झाली म्हणून मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही, अगदी थोड्या मात्रेचाही परिणाम बराच असतो आणि म्हणूनच शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्या लागतात, असे डॉक्टरांनी सांगितले. होरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडले आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी गोळीचे तुकडे करू लागलो. पावसाळ्यात कापलेला तुकडा सर्द होऊन त्याचा भुगा होतो, त्यामुळे एका वेळी एकच गोळी कापून उरलेले तुकडे घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावेत.

दापोली : आईचे क्लोनाझेपाम हे मन शांत करणारे औषध वरच्याप्रमाणेच लहान लहान पायऱ्यांनी उतरवले. झोप मध्ये बिघडली की पुढची पायरी लांबवली, एवढेच.

मालवण : प्रत्येकाने औषध बंद करण्याचेच ध्येय ठेवावे, असे मला वाटत नाही. माझे यजमान मासेमारी करतात आणि द्विध्रुवी आजारासाठी (ज्यात कधी उन्माद तर कधी नैराश्य येते) लिथियम घेतात. ते अचानक तोडले तर उन्माद परत उसळण्याचा मोठा धोका असतो, म्हणून डॉक्टरांनी फक्त झोपेची गोळी कमी केली. मे महिन्यात घाम जाऊन अंगातले पाणी कमी झाले, किंवा रक्तदाबासाठी कोणी सुचवले म्हणून मीठ एकदम सोडले, तरी रक्तातली लिथियमची पातळी वाढते आणि हात थरथरू लागतात. रक्ततपासणी आम्ही चुकवत नाही. याच कारणासाठी आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी घेऊ नये, हेही त्यांच्या डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवले आहे, कारण कंबर धरली की होडीवर कोणी ना कोणी दुखण्याची गोळी पुढे करतेच.