पॉयझन आयव्ही : तुम्हाला कधी उतलीय का?

पॉयझन आयव्ही म्हणजे इकडचा एक वेल, अंगाला लागला की खाज सुटते, फोड येतात. जून आला की आमच्या अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या तरी लालेलाल हाताचा फोटो येतोच. गेल्या वर्षी तो फोटो ऑगस्टात आला आणि हात माझ्या साबांचा (सासूबाईंचा) होता.

त्या पहिल्यांदाच इकडे आलेल्या, श्रावण चालू होता, इथे बेल कुठून आणायचा म्हणून मी विषयच काढला नव्हता. तर या सोमवारी सकाळी मागच्या कुंपणाशी जाऊन ओंजळभर पानं खुडून आल्या. "अगं बेलासारखंच आहे की, तीन पानं, मधल्याला लांब देठ." मी गॅसपाशी होते, वळून बघितलंसुद्धा नाही. मंगळवारी संध्याकाळी बोटांच्या बेचक्यात खाज, बुधवारी मनगटापासून वर पाण्याने भरलेले फोड, तेही रेघ ओढल्यासारखे एका ओळीत. मी घाबरून अर्जंट केअर शोधतेय आणि त्या शांतपणे म्हणतात, "हा बिब्बा उतलाय. तुमच्याकडे बिब्ब्याचं झाड आहे होय?"

नंतर वाचलं तर बाई बऱ्याच बरोबर होत्या! पॉयझन आयव्ही, बिब्बा, काजू, आंबा सगळे एकाच कुळातले. आयव्हीच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेल असतं, बिब्ब्याचं तेल त्याचं सख्खं भावंड. लहानपणी माहेरी त्यांना बिब्बा उतला होता म्हणे, म्हणून इतक्या लगेच उठलं असणार. ज्यांच्या अंगाला ही ओळख नसते त्यांना पहिल्या वेळी आठवडा-दोन आठवडेही लागतात.

तर लिहा आपापले अनुभव, ओळखलीत कशी, काय लावलंत, काय लावून पस्तावलात.

डोंगरवेडा
व्हर्जिनियात शेनान्डोआला ट्रेक केला, घरी येऊन कपडे धुतले, अंघोळ केली, तरी दोन दिवसांनी हाताला उठलं. कॅलामाइन लावून दोन आठवड्यांत गेलं. पुढच्या ट्रेकनंतर परत, आणि आम्ही तर या वेळी नुसते पक्क्या रस्त्याने चाललो होतो! बायकोने शोध लावला, बुटाच्या नाड्या. बूट कोणी धुतलेच नव्हते, दर वेळी नाड्या बांधताना तेच जुनं तेल बोटांना. हे तेल वस्तूंवर महिनोन्महिने टिकतं, त्यामुळे आता बूट, काठी, सॅकचे पट्टे सगळं डिश सोपने घासतो. अंगालाही तेच, अर्ध्या तासाच्या आत, गार पाण्याने आणि फडक्याने चोळून. भांड्याचा ओशटपणा जसा नुसत्या पाण्याने जात नाही तसंच आहे हे.

मधली सुट्टी
पानं बघून ओळखा म्हणतात, पण मला डिसेंबरात झालं, एकही पान नसताना. वाळलेल्या झाडावर जाडजूड वेल चढलेला, सुंभासारखा केसाळ, तो ओढून काढला. ती केसाळ मुळं हीच त्याची खूण. आणि कृपा करून जाळू नका, धुरातून तेल फुफ्फुसात जातं. माझ्या शेजाऱ्याने शेकोटीत टाकला आणि त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं.

कोकणी मेवा
आमच्याकडे काजू भाजताना तेल उडतं म्हणून आजी हाताला राख चोळून बसायची, तरी तिची बोटं कायम काळी. मी मात्र अमेरिकेत येऊन आयव्हीला हात लावला आणि खरा तोटा वेगळाच झाला. पुढच्या मे महिन्यात गावी हापूस सालीसकट चोखला, तर ओठांभोवती खाज आणि बारीक पुरळ. चाळीस वर्षांत कधी नाही! आता आई सोलून फोडी करून देते, लहान बाळासारख्या. भावंडं हसतात.

एक चहा
माझं तोंड सुजून डोळे मिटले होते. क्लिनिकने स्टिरॉइडच्या गोळ्यांचं सहा दिवसांचं पाकीट दिलं, मस्त उतरलं, सातव्या दिवशी सगळं परत आणि दुप्पट. दुसऱ्या डॉक्टरने सांगितलं, एवढं जास्त असेल तर दोन-तीन आठवडे हळूहळू डोस कमी करत आणावा लागतो. तोंडावर, डोळ्याजवळ आलं असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. बाकी अंगाला गार पाण्याच्या पट्ट्या आणि ओटच्या पिठाचं पाणी, दोन्हीने झोप लागते. आमच्या एका मावशींनी लिंबू चोळायला सांगितलं होतं, त्यांना मनातल्या मनात अजून शिव्या देते.

केळफूल
माझ्याकडे पसरत गेलं, फोड फुटले की त्या पाण्याने पसरतं ना?

डोंगरवेडा
नाही, फोडातल्या पाण्यात तेल नसतं. जिथे जास्त लागलं तिथे आधी उठतं, जिथे कमी किंवा कातडी जाड तिथे उशिरा, म्हणून पसरल्यासारखं वाटतं. नाहीतर घरात काहीतरी न धुतलेलं आहे. कुत्रा आहे का?

केळफूल
आहे 🙈 रोज सोफ्यावर माझ्या मांडीवर असतो. त्याला काहीच झालं नाहीये.

डोंगरवेडा
त्यांच्या केसांमुळे कातडीपर्यंत सहसा पोचत नाही, तुमच्यापर्यंत पोचतं. हातमोजे घालून अंघोळ घाला.

मधली सुट्टी
तीन पानं दिसली की लगेच कापत सुटू नका हां. बॉक्स एल्डरच्या रोपालाही तीनच असतात, पण ती फांदीवर समोरासमोर, आयव्हीची एकाआड एक. पाच पानं असतील तर बहुतेक व्हर्जिनिया क्रीपर. शेवटी पळसालाही पानं तीनच 😀

कोकणी मेवा
धागाकर्ती, ती पिंडीवर वाहिलेली पानं कोणी काढली मग?

मीच, भाकरी उलटायच्या चिमट्याने. पानं पिशवीत, चिमटा कचऱ्यात, पिंड तीनदा डिश सोपने घासली. साबा हाताला कॅलामाइन थापून खुर्चीतून बघत होत्या, म्हणाल्या, "त्याला कशाला इतकं घासतेस, त्याने हलाहल पचवलंय."