'३६ चौरंगी लेन': एका समाजाची गोष्ट की त्याचा मृत्युलेख?

गिरणगावकर:
अपर्णा सेन यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट, १९८१ चा. निर्माते शशी कपूर, मुख्य भूमिकेत जेनिफर केंडल. त्यांच्या कामाबद्दल वादच नाही. माझा आक्षेप चित्रणावर आहे. कोलकात्यात मांजराच्या सोबतीने राहणारी, शेक्सपिअर शिकवणारी व्हायोलेट स्टोनहॅम. भाऊ वृद्धाश्रमात, भाची लग्न करून निघून गेलेली. स्वातंत्र्यानंतरचा अँग्लो-इंडियन, म्हणजे युरोपीय-भारतीय मिश्र वंशाचा, समाज म्हणजे एवढंच? त्याच कोलकात्यात लेस्ली क्लॉडियस राहत होते: हॉकीत १९४८, ५२, ५६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. १९६५ च्या युद्धात याच समाजातल्या, हवाई दलातल्या कीलर बंधूंनी पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं पाडली. ही माणसं इथलीच होती आणि इथेच राहिली. पडद्यावर मात्र या समाजाच्या वाट्याला कायम संध्याकाळच येते.

सांजवात:
अजिबात पटलं नाही. हा चित्रपट पराक्रमाची यादी देण्यासाठी काढलेला नाही. समरेश आणि नंदना ही सुशिक्षित बंगाली जोडी 'लिहायला शांत जागा हवी' असं सांगून बाईंचं घर भेटीगाठींसाठी वापरते. लग्न झाल्यावर त्यांना बाई नकोशा होतात. नाताळात आपण गावाला जाणार, असं खोटं सांगतात. बाई केक घेऊन दारात येतात, तर आत पार्टी रंगलेली. इथे आरोपी कोण आहे? आपण. बहुसंख्याकांचा मध्यमवर्ग. १९८१ साली हे इतकं स्पष्ट किती जणांनी दाखवलं होतं?

भुसावळकर:
दोघांचंही एक सुटतंय: नोकऱ्या. आमच्या गावच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड यांची घरं होती. राज्यघटनेच्या कलम ३३६ नुसार रेल्वे, कस्टम्स, पोस्ट आणि तार खात्यांतल्या त्यांच्या राखीव जागा दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी कमी होत गेल्या आणि दहा वर्षांनी, म्हणजे १९६० मध्ये, संपल्या. ज्या घरात पिढ्यानपिढ्या रेल्वेचीच भाकरी, तिथल्या पोरांनी करायचं काय? इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया गाठलं. त्यांना देशाबद्दल प्रेम नव्हतं म्हणून ते गेले, असं अजूनही ऐकू येतं, तेव्हा मला फार राग येतो. चित्रपटात रोजीरोटीची ही बाजू जवळजवळ नाहीच.

गिरणगावकर:
अगदी बरोबर. आणि सांजवात, सिनेमा आपल्याबद्दल आहे असं तुम्हीच म्हणता. मग आपला अपराधभाव जागवायला त्या बाईंचा वापर झाला, हीच माझी तक्रार. व्हायोलेटला राग का येत नाही? ती एकदा तरी भांडली असती!

सांजवात:
तिला भांडायला जागा कुठे ठेवलीय? भुसावळकर, तुम्ही म्हणता ती बाजू शाळेच्या प्रसंगात आहे. नव्या मुख्याध्यापिका तिच्याकडून शेक्सपिअर काढून घेतात आणि व्याकरणाचे तास देतात. आयुष्यभराचं काम एका वेळापत्रकात हातातून जातं आणि ती मुकाट्याने वर्गात जाते. तुमच्या कॉलनीतल्या ड्रायव्हरांचं याहून वेगळं काय झालं? लोकसभेत या समाजाच्या दोन नामनियुक्त जागा होत्या, त्याही १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० पासून बंद झाल्या. माझ्या ओळखीत कुणी त्याचा साधा उल्लेखही केला नाही.

भुसावळकर:
तो प्रसंग तसा पाहिला नव्हता, मान्य. तरी क्लॉडियस आणि रेल्वे कॉलनी यांच्यावर वेगळा चित्रपट हवाच. जेनिफर स्वतः ब्रिटिश. नव्या चित्रपटात प्रमुख भूमिका तरी त्या समाजातल्या कलाकाराला मिळावी.