'लेखी पेपर बंद करा, नुसतं करून दाखवू द्या' म्हणणाऱ्यांसाठी

रूट_पास (धागालेखक)

काल एक पोस्ट वाचली. म्हणणं असं की कौशल्याच्या कोर्सला लेखी परीक्षा हवीच कशाला? हातात अवजार द्या, काम सांगा, जमलं तर पास, नाही तर पुढच्या वेळी. खाली सगळ्यांचं 'अगदी मनातलं बोललात'. लिहिणाऱ्याने एकदा तरी परीक्षक म्हणून शॉपमध्ये दिवस काढलाय का, अशी शंका आली, म्हणून हा प्रपंच.

मी वेल्डरांच्या टेस्ट घेतो. जोड झाला की पट्टी कापून वाकवतो. रूटला, म्हणजे जोडाच्या तळाशी, धातू नीट वितळून एकजीव झाला नसेल (फ्यूजन नसेल) तर वाकवताना तडा उघडा पडतो, तिथे वशिला चालत नाही. तेव्हा प्रॅक्टिकलला माझा विरोध आहे असं कुणी समजू नका. पण ती पट्टी सांगते एवढंच, की या प्रोसेसने, या जाडीत, या पोझिशनला हा माणूस जोड देऊ शकतो. आयएसओ 9606-1 या वेल्डर-टेस्टच्या आंतरराष्ट्रीय मानकात वेल्डर त्या कामावर आहे याची दर 6 महिन्यांनी सही लागते, आणि फेरटेस्टचा मार्ग घेतला तर 3 वर्षांनी पुन्हा टेस्ट. खुद्द मानकाचा एका टेस्टवर आयुष्यभराचा भरवसा नाही, आणि ही मंडळी एका दुपारच्या जॉबवर (म्हणजे करायला दिलेल्या तुकड्यावर) सर्टिफिकेट द्यायला निघालीत.

शिवाय टेस्टला कोरडे इलेक्ट्रोड ओव्हनमधून काढून आम्हीच देतो. दमट इलेक्ट्रोडमुळे हायड्रोजन जोडात शिरला तर चीर जोड थंड झाल्यावर येते, कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी. तोवर परीक्षक सही करून घरी गेलेला असतो. इलेक्ट्रोड का भाजायचे हे त्या माणसाला ठाऊक आहे का, हे विचारायला प्रश्नच लागतो.

कानसवाला

एवढं लिहिलंत, पण मूळ दुखण्याला हात लावला नाहीत. लेखी पेपरात येतं काय? माप घ्यायच्या व्हर्नियरचं चित्र छापतात, खाली चार पर्याय. त्यात पैकीच्या पैकी घेणारा पोरगा कामावर आला की जॉब जबड्यात तिरका धरतो आणि माप कमीजास्त येतं म्हणून व्हर्नियरला शिव्या घालतो. फिटिंगचा जॉब घ्या. दोन तुकडे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला की कळलं, कानस कुठे डोलली ते. याला पेपर कशाला हवा?

माझ्या बॅचला सगळ्यांत चांगला हात असलेला मुलगा थिअरीत नापास झाला. आज त्याच्याकडे पेपरवाले पास कामाला आहेत.

रूट_पास

तुमच्या बॅचचा एक मुलगा म्हणजे पुरावा नव्हे.

कानसवाला

आणि तुमची दमट इलेक्ट्रोडची गोष्ट म्हणजे संशोधन वाटतं?

पांढरा_कोट

मी नर्सिंग शिकवते, मध्येच बोलते, माफ करा. हे भांडण आमच्याकडे फार जुनं आहे. पूर्वी परीक्षार्थीला एक पेशंट मिळायचा. सोपा मिळाला तर तरलात, अवघड मिळाला तर गेलात, आणि परीक्षकाचा मूड वेगळाच. म्हणून हार्डेन आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडच्या डंडीत ऑस्की नावाची प्रॅक्टिकल परीक्षा आणली. छोटी छोटी अनेक स्टेशनं, प्रत्येकावर वेगळं काम, वेगळा परीक्षक, आधी ठरवलेली यादी. कारण साधं आहे. एका कामात हुशार ठरलेला दुसऱ्या कामात तसाच ठरेल याची खात्री नसते, मग परीक्षक कितीही प्रामाणिक असो. तेव्हा प्रश्न लेखी की प्रॅक्टिकल हा नाहीच, किती कामं बघितली हा आहे. एका जॉबवर निकाल देणं म्हणजे लॉटरी.

पण धागालेखक, लेखीला डोक्यावर घेऊ नका. वैद्यकीय शिक्षणातल्या मिलरने 1990 मध्ये चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, रोजच्या कामात करणं. पेपर दुसऱ्या पायरीच्या वर चढत नाही. हात धुण्याचे टप्पे सगळ्या जणी बिनचूक लिहितात. वॉर्डात बघा.

गॅरेज_७

मग अमेरिकेतल्या एएसई या संस्थेचं काय? 1972 पासून गाड्यांच्या मेकॅनिकना सर्टिफिकेट देतात. परीक्षा प्रश्नोत्तरांची, पाना हातात घ्यावा लागत नाही. मात्र कामाचा अनुभव दाखवल्याशिवाय सर्टिफिकेट नाही आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा. हाताचं काम मालक बघतो, डोक्याचं परीक्षा बघते.

कानसवाला

मालक सही देतो, बघतो कोण? असे अनुभवाचे दाखले मी पाहिलेत, शाईसुद्धा एकाच पेनाची असते.

तिसरी_शिफ्ट

लेथवाला आहे. ताईंचं पटलं, पण त्या यादीतच घोळ असतो. साईझला इतके मार्क, फिनिशला इतके, सेफ्टीला थोडे, सगळ्याची बेरीज. मी परीक्षक म्हणून बसलो होतो तेव्हा एकाने चकची (लेथवर जॉब पकडणाऱ्या भागाची) चावी चकमध्येच ठेवून मशीन चालू करायला हात नेला. मी ओरडलो म्हणून थांबला. त्याचा जॉब साईझमध्ये आला, बेरजेत पास. मी नापास लिहिलं तर वरून सांगितलं, सेफ्टीचे मार्क कापा, बाकी यादीप्रमाणे द्या. काही चुका बेरजेबाहेर असायला हव्यात. केली की घरी.

आणि जाता जाता, प्रॅक्टिकलला आता डिजिटल व्हर्नियर देतात. मग माप घेण्याची परीक्षा उरलीच कुठे? आकडा वाचायचा आणि लिहायचा.

सीएनसी_कार्टी

झालं, आलं डिजिटल. शॉपमध्ये डिजिटल वापरायचं आणि परीक्षेला रेघा मोजत बसायचं, यात कसलं कौशल्य तपासता? काम जसं होतं तशी परीक्षा हवी, हाच ना प्रॅक्टिकलचा मुद्दा?

तिसरी_शिफ्ट

डिजिटलचे जबडे मिटवताना मध्ये बुरादा राहिला आणि तसंच झीरो दाबलं, तर प्रत्येक माप तेवढं कमी दिसणार. पोरगा आकडा बघून थांबतो, जॉब प्रत्यक्षात जाड राहतो. साध्या व्हर्नियरला शून्याच्या रेघा जुळत नाहीत, चूक डोळ्यांना दिसते. डिजिटल ती गिळून टाकतं.

सीएनसी_कार्टी

मग बुरादा पुसायला शिकवा! साध्याला रेघ तिरकी बघितली की चूक होतेच की. पॅरलॅक्स नावाची गोष्ट विसरलात का दादा?

कानसवाला

दोघंही थांबा. व्हर्नियर साधा असो की डिजिटल, जबडा आवळला की तो किंचित तिरपा होतो आणि माप कमी येतं. जॉब जबड्याच्या टोकाला, पट्टी वर, म्हणजे माप आणि पट्टी एका रेषेत हवी हे अॅबेचं तत्त्व मोडलंच. मायक्रोमीटरमध्ये जॉब आणि स्क्रू एका रेषेत असतात, शिवाय जास्त आवळू न देणारं रॅचेट आहे. टॉलरन्स (चालणारा फरक) 0.02 मिमी असेल आणि तुम्ही व्हर्नियर काढत असाल, तर बॅटरी आहे की नाही यावर भांडूच नका.

सीएनसी_कार्टी

मायक्रोमीटरपण डिजिटल येतो हो. 😄

तिसरी_शिफ्ट

तुमच्या पिढीला सगळं चकाकतं ते भारी वाटतं. आम्ही...

सीएनसी_कार्टी

'आम्ही' सुरू झालं की मी निघते. टूल ऑफसेट कुठल्या रजिस्टरला टाकायचा हे विचारायला शिफ्ट संपताना मलाच हाक मारता, तेव्हा पिढी आठवत नाही का? बाईने मशीनवर काही सांगितलं की तुम्हाला टोचतं, एवढंच आहे हे.

तिसरी_शिफ्ट

मी बाईचं नाव काढलं का? उगीच काहीतरी चिकटवू नका. मुद्दा मापाचा होता.

पांढरा_कोट

आमच्याकडे हेच रक्तदाबाच्या यंत्रावरून होतं. डिजिटलवर आकडा बघून लिहितात. कफ दंडाला लहान पडला तर आकडा चढा येतो, हे त्यांच्या गावीही नसतं. पण म्हणून डिजिटल काढून घेत नाही आम्ही. स्टेशनवर मुद्दाम चुकीच्या साइजचा कफ ठेवतो आणि बघतो, बदलते का.

तिसरी_शिफ्ट

हां, हे जमेल. व्हर्नियर मुद्दाम बिघडलेल्या झीरोचा द्यायचा. पकडलं तर मार्क. डिजिटल चालेल मग, जा.

सीएनसी_कार्टी

केवढे उपकार!

रूट_पास

माझा धागा व्हर्नियरच्या दुकानात जमा झाला. असो. ताईंचं बिघडलेल्या कफचं मान्य, म्हणजे 'का' हासुद्धा हाताने विचारता येतो. कानसवाले, तुमच्या बाजूला एवढं देतो, यापेक्षा जास्त मागू नका. पण माझी चीर दोन दिवसांनी येते, ती स्टेशनवर कशी ठेवणार? आणि अनेक स्टेशनं म्हणजे अनेक परीक्षक. वर्ल्डस्किल्स या कौशल्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जिथे नजरेने मार्क द्यायचे असतात तिथे तिघे परीक्षक एकाच वेळी 0 ते 3 दाखवतात, फार फरक पडला तर बोलून पुन्हा देतात. तिथे ते परवडतं. इथे एका परीक्षकाला अख्खी बॅच आणि जेवणाआधी याद्या भरून हव्यात. अशा वेळी तो जॉबकडे बघून अंदाजाने आकडा टाकतो.

कानसवाला

म्हणून पेपर? पेपर तपासणाराही तेच करतो. दमट इलेक्ट्रोडचं म्हणाल तर ओव्हनशेजारी दोन उघडे पुडे ठेवा आणि कुठला उचलतो ते बघा. पुढची चीर कशाला बघायची.

रूट_पास

कोरडा पुडा चुकूनही उचलता येतो. का उचलला ते विचारणार की नाही?

कानसवाला

विचारा ना. तोंडी विचारा. लिहायला लावू नका, एवढंच म्हणतोय मी पहिल्यापासून.

गॅरेज_७

पहिल्यापासून? वर तुम्हीच लिहिलंय, 'याला पेपर कशाला हवा?' तोंडी कुठेच नव्हतं.

कानसवाला

तोंडी म्हणजे पेपर नव्हेच. तुमच्या एएसईला सांगा, एकदा तोंडी घेऊन बघा म्हणावं.