नुसत्या वयावर व्हिंटेज ठरत नाही
जुन्या रेडिओ-रेकॉर्ड प्लेयरसारख्या सेट्सबाबत काही जण 'तीस वर्षं झाली की व्हिंटेज' (म्हणजे जुना आणि जपण्याजोगा) असा हिशोब मांडतात, तो मला अर्धाच पटतो. टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेयर) घ्या, १९७९ ला आला आणि थेट २०१० पर्यंत बनत राहिला, मग २००८ साली घेतलेला पीस व्हिंटेज म्हणायचा की नाही? माझ्या मते तो सेट कुठल्या पद्धतीने बनलाय आणि आजही उघडून दुरुस्त करता येतो का, हे आधी बघावं.

आजोबांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ आहे माझ्याकडे, मूळ कपॅसिटर (वीज साठवणारे आणि डीसी अडवणारे छोटे भाग) तसेच ठेवायचे असा माझा हट्ट होता, पण जुने कागदी कपॅसिटर लीक होतात आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या नळीच्या) ग्रिडवर, म्हणजे आतला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, नको तो डीसी व्होल्टेज जाऊन व्हॉल्व्ह तापत राहतो, तो जळला तर ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवीन कपॅसिटर आणून बदलले. व्हॉल्व्ह, स्पीकर, लाकडी कॅबिनेट सगळं मूळचंच आहे, आवाजही तोच भरदार, त्यामुळे माझ्यासाठी तो पूर्ण व्हिंटेजच. आणि माळ्यावरून काढलेला असा सेट तपासल्याशिवाय डायरेक्ट प्लगला लावू नका प्लीज.